ग्रंथपालांना विचारा : पहिली परिषद

प्रश्न : न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी दोन वर्षांपासून काम करते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या शिकागोतल्या वार्षिक परिषदेला यंदा पहिल्यांदाच जाते आहे. वेळापत्रक उघडलं आणि छातीच दडपली, एकेका तासाला कितीतरी कार्यक्रम. आमच्याकडे मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे, ते वाढवायचंही मनात आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कपाटापासूनच करा. १८७६ साली फिलाडेल्फियात ही संघटना स्थापन झाली तेव्हा १०३ माणसं जमली होती, सगळ्यांची सगळ्यांशी ओळख होणं शक्य होतं. आता ‘सगळं पाहीन’ म्हणणारा काहीच पाहत नाही. परत आल्यावर वरिष्ठांपुढे काय ठेवायचं आहे ते आधी एका ओळीत लिहा आणि त्या ओळीला धरून कार्यक्रम निवडा. दिवसाला तीन पुरे. प्रत्येक वेळेसाठी एक पर्यायही हेरून ठेवा, तोही शक्यतो त्याच इमारतीतला. खोली भरली की आगीच्या नियमामुळे दार बंद होतं, मग विनवण्या चालत नाहीत. परिषद भरते ते मॅककॉर्मिक प्लेस म्हणजे चार अवाढव्य इमारती. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सहज पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे लागोपाठचे दोन कार्यक्रम वेगवेगळ्या इमारतींत घेतलेत तर दुसऱ्याची सुरुवात हुकलीच म्हणून समजा. पायात जुने, सरावाचे बूट हवेत. बाहेर जूनचा उकाडा असला तरी आत वातानुकूलन गारठवतं, पिशवीत स्वेटर असू द्या.

नवख्यांसाठी ‘न्यू मेंबर्स राउंड टेबल’ नावाचा गट आहे, त्याची परिचयाची बैठक पहिल्या दिवशीच गाठा. तिथे भेटलेली दोन माणसं पुढचे तीन दिवस जेवायला सोबत असतात, हा त्या बैठकीचा खरा उपयोग. आशियाई वंशाच्या ग्रंथपालांची ‘अपाला’ ही १९८० पासूनची संघटना आहे, मराठी कपाटाची अडचण तिथे फोड करून सांगावी लागणार नाही. समित्यांच्या बैठकाही बहुधा खुल्या असतात. मागच्या खुर्चीत बसून ऐकायला कोणी हरकत घेत नाही आणि धोरणं ठरतात कशी ते व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा तिथे जास्त कळतं.

आता मराठी पुस्तकं. प्रदर्शनात इंग्रजीखेरीज इतर भाषांची पुस्तकं पुरवणारे विक्रेतेही येतात. सूची आधी वाचून त्यांचे बूथ नकाशावर खुणावून ठेवा. पहिल्या संध्याकाळी प्रदर्शन उघडतं तेव्हा फुकटच्या पुस्तकांसाठी झुंबड असते, विक्रेत्याला तुमच्याशी बोलायला उसंत नसते. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम चालू असताना जा, दालन मोकळं असतं. किती पुस्तकं आणि किती किंमत हे शेवटी विचारा. आधी विचारायचं ते पुस्तकासोबत येणाऱ्या मार्क नोंदीबद्दल, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या सूचीनोंदीबद्दल : देवनागरी लिपीतली नावं ८८० या क्षेत्रात, म्हणजे मूळ लिपीसाठीच्या रकान्यात, दिली आहेत का?

हे का, ते सांगतो. अमेरिकेतल्या नोंदी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या रोमनीकरण तक्त्याप्रमाणे, म्हणजे इतर लिप्यांतले शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या तक्त्याप्रमाणे, होतात. त्या तक्त्यात व्यंजनातला ‘अ’ उच्चारात नसला तरी लिहावा लागतो. ‘इतिहास’ रोमन लिपीत ‘इतिहासा’सारखा दिसतो. आपला वाचक शेवटचं रोमन अक्षर ‘a’ न लावता शोधतो, त्याला काही सापडत नाही, आणि वर्षअखेरीस ‘मराठी पुस्तकं कोणी नेत नाही’ म्हणून कपाट आवरतं घेतलं जातं. ८८० मध्ये देवनागरी असेल, आणि तुमच्या ग्रंथालयाची संगणक प्रणाली त्यात शोधत असेल, तर वाचकाला थेट मराठीत शोधता येतं. त्यासाठी आपल्या प्रणालीच्या विक्रेत्याच्याही बूथवर जा आणि त्याच्याच यंत्रावर एक मराठी शब्द टाकून बघा. भाषेचा संकेत ‘एमएआर’ दिला आहे ना, हेही पाहा. तो ‘हिंदी’ पडला तर पुस्तक चुकीच्या यादीत जातं.

एक सावधगिरी. बूथवर बॅज स्कॅन करू दिलात की जाहिरातींच्या ईमेल सुरू होतात. नोंदणी करताना कार्यालयाचाच पत्ता द्या.

प्रश्न : परिषदेत मिळालेल्या आगाऊ प्रती, म्हणजे पुस्तक प्रकाशित होण्याआधी वाटलेल्या प्रती, ग्रंथालयात दाखल करता येतात का? आणि इतकं ओझं न्यायचं कसं?

उत्तर : दाखल करू नका, विकूही नका. त्या कच्च्या मजकुराच्या प्रती असतात, त्यावर तसं छापलेलंही असतं. छापील आवृत्तीत वाक्यं बदलतात. खरेदी ठरवण्यासाठी वाचाव्यात, वाचन गटाला द्याव्यात, इतकंच. चाकांची बॅग प्रदर्शनात नेता येत नाही आणि खांद्यावर दहा पुस्तकं तासाभरात जड होतात. विमानात सामानाची मर्यादा सहसा २३ किलोची. टपालाचा ‘मीडिया मेल’ हा दर पुस्तकांसाठी स्वस्त आहे, पण त्याच खोक्यात फुकटच्या पिशव्या, पेनं, जाहिरातींची पत्रकं घातली तर तो दर लागू होत नाही. टपालवाले खोकं उघडून बघू शकतात. खोकं लहानच घ्या, पुस्तकांनी भरलेलं मोठं खोकं उचलताना तळातून फाटतं.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. राष्ट्रीय परिषदेत पहिल्यांदाच निबंध वाचणार आहे. ऐनवेळी काय चुकतं?

उत्तर : फॉन्ट. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य अक्षरांत उघडतं. मजकूर युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. दहा मिनिटं मिळणार असतील तर आठच्या वर स्लाइड नकोत, आणि पहिलीवर महाविद्यालयाचा इतिहास तर मुळीच नको. निबंध पाठवण्याआधी त्याचं इतरांच्या लेखनाशी किती साम्य आहे ते तपासून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. कर्तव्यरजेसाठी उपस्थितीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते बहुधा समारोपानंतरच वाटतात, म्हणून परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढा.