बहिऱ्या कुत्रीचे खड्डे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची ठिपकी दोन वर्षांची डालमेशियन आहे, जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी. अंगण ४० बाय २५ फुटांचं, माती काळी, कंपाउंडच्या कडेने गुलाब आणि मोगरा. मार्चपासून रोज तीन-चार खड्डे पडताहेत. मिरचीपूड टाकली, एका खड्ड्यात फिनेल ओतलं, तर ती शेजारी दुसरा उकरते. ऐकणारा कुत्रा असता तर ओरडून थांबवला असता. हिचं काय करायचं?
– वाचक, सातारा

उत्तर : मिरचीपूड आणि फिनेल आजच बंद करा. मिरची नाका-डोळ्यांत जाते. फिनेलने पंजे भाजतात आणि ते पंजे ती चाटते. डांबरगोळ्याही नकोत, त्या पोटात गेल्या तर विषारी आहेत.

डालमेशियनमध्ये बहिरेपण नवं नाही. अमेरिकेतल्या तपासण्यांमध्ये या जातीतली साधारण ३० टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी आढळली आहेत. कातडीचा पांढरा रंग ज्या जनुकांमुळे येतो, त्यांच्यामुळेच आतल्या कानातल्या रंगपेशी कमी पडतात आणि पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच ऐकणं जातं. पण बहिरेपणामुळे कुत्रं उकरत नाही. उकरण्याची कारणं ऐकणाऱ्या कुत्र्याचीच असतात. फरक एवढाच, की ऐकणाऱ्याला लांबून ‘ए!’ म्हणता येतं आणि खड्डा अर्धवट राहतो. ठिपकीचा प्रत्येक खड्डा पुरा होतो, आणि खाली गार माती किंवा एखादा वास मिळाला की तेच बक्षीस ठरतं. म्हणून लांबून थांबवण्याची युक्ती शोधत बसण्यापेक्षा आधी कारण काढा.

कारण खड्ड्यातच दिसतं. झाडाखाली, नळाशी किंवा टाकीच्या सावलीत तिच्या अंगाच्या मापाचा उथळ खड्डा असेल आणि ती त्यात पोट टेकून पडत असेल, तर तो उन्हाळ्यावरचा उपाय आहे. तुमचे खड्डे मार्चपासूनचे आहेत, तेव्हा पहिला संशय हाच. कंपाउंडला लागून असेल तर बाहेर पडायचं आहे. चेंबर किंवा मोरीच्या आसपास एका रेषेत तीन-चार खड्डे आणि जवळ भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला, तर खाली घूस आहे. ऐकणारा कुत्रा घुशीची खुडबुड कानाने टिपतो. ठिपकीकडे फक्त नाक आहे, त्यामुळे ती अंदाजाने जास्त जागा उकरणार. घुशींसाठी विषारी गोळ्या टाकू नका, बिळाचं तोंड विटांचे तुकडे आणि सिमेंटने बुजवा. घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा पावसाळ्याआधी त्याची लस झाली आहे ना, ते डॉक्टरांकडे तपासा.

फक्त गुलाबांच्या बुंध्याशी उकरत असेल तर खत बघा. हाडांचा चुरा आणि मासळीचं खत कुत्र्याला जेवणासारखं वाटतं. एरंडीची पेंड मात्र जीवघेणी आहे. त्यात रिसिन नावाचं विष असतं, आणि कुत्री ती आवडीने खातात. घातली असेल तर वरची माती काढून टाका आणि पुढे चांगलं कुजलेलं शेणखत वापरा. ठिपकीची नसबंदी झालेली नसेल तर माजाच्या तारखाही आठवा. माज संपल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी काही माद्यांना खोटी गर्भधारणा होते, मग त्या कोपऱ्यात घर उकरतात आणि खेळणी तिथे नेऊन ठेवतात. हे बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याच काळात नसबंदी करू नये.

तुमच्याकडे उन्हाळा आणि कंटाळा, दोन्ही असावेत. दुपारी ११ ते ४ तिला घरात किंवा ओट्यावर फरशीवर ठेवा, खाली ओलं गोणपाट टाका, पाण्याची दोन भांडी ठेवा. डालमेशियन बग्गीबरोबर पळण्यासाठी जोपासलेली जात आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी पाऊण तास चालणं हवंच, आणि बहिऱ्या कुत्रीला रस्त्यावर कधीही सोडायचं नाही. गाडी मागून आली तर तिला कळणार नाही. रात्रीचं जेवण ताटलीत देण्याऐवजी अंगणात गवतावर विखुरलंत, तर अर्धा तास नाक कामाला लागतं.

आणि तिला एक स्वतःचा खड्डा द्या. उकरायची हौस पूर्ण बंद करण्याच्या मागे लागलात तर हराल. कायम सावली राहील अशी जागा निवडा, ५ फूट लांब, ३ फूट रुंद, दीड फूट खोल. कडेने विटांचा एक थर उभा लावा, म्हणजे हद्द डोळ्यांना दिसते. भराव तळाची खडी धरून पाव ब्रासपेक्षा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) किंचित कमी लागतो, दोन भाग नदीची चाळलेली वाळू आणि एक भाग तुमचीच माती. नुसती काळी माती भरलीत तर पावसात चिखल होईल आणि उन्हात ढेकळं. नुसती वाळू कोरडी पडून तापते. क्रशरची वाळू नको, तिचे कण टोकदार असतात आणि धूळही फार उडते. तळाला चार इंच खडी टाका, नाहीतर जुलैत डबकं होईल. वर जुनी ताडपत्री ठेवा, मांजरं घाण करणार नाहीत.

पहिले दोन दिवस खेळणं अर्धं वर दिसेल असं पुरा. मग दोन इंच खोल, मग सहा. रोज जागा बदला. स्वतः खाली बसून हाताने थोडं उकरून दाखवा, कुत्री माणसाचं बघून लागते. तिने त्या चौकोनात पंजा मारला की लगेच खूण आणि खाऊ.

खूण म्हणजे अंगठा वर. ही खूण आधी घरात शिकवा. अंगठा दाखवा आणि एका सेकंदात खाऊ द्या, एका वेळी दहा-बारा वेळा, दिवसातून तीनदा. चार-पाच दिवसांत अंगठा दिसताच ती तोंडाकडे न बघता हाताकडे बघेल. त्याच्यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच गाळतात. ती आपण होऊन तुमच्याकडे वळून बघते, तो प्रत्येक क्षण पकडा, अंगठा दाखवा, खाऊ द्या. बहिऱ्या कुत्रीला हाक मारता येत नाही, म्हणून तिलाच दर मिनिटाला आपल्याकडे बघायची सवय लावायची. दोन-तीन आठवडे लागतात. मग उकरताना तिने मान वर केली की तळहात छातीशी ओढून ‘ये’ची खूण करा. खाऊ कलेजीचा देऊ नका. डालमेशियनच्या शरीरात यूरिक आम्ल जास्त साठतं, मूत्रखडे होतात. उकडलेल्या अंड्याचे किंवा पनीरचे मुगाएवढे तुकडे पुरेत.

हे बसेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, तिला अंगणात एकटी सोडायचं नाही, हीच खरी अवघड अट आहे. एक न पाहिलेली दुपार आठवड्याची मेहनत घालवते. छातीभोवतीच्या पट्ट्याला (हार्नेसला) २० फुटांची सुती दोरी बांधा. नायलॉनने तुमचे हात कापतील, आणि गळपट्ट्याला बांधलीत तर मानेला हिसका बसेल. उकरताना दिसली तर मागून जाऊन हात लावू नका, दचकून चावेल. वळसा घालून तिच्या नजरेसमोर या आणि दोरीने तिच्या चौकोनाकडे न्या. खड्डा पडून गेल्यावर रागावण्यात अर्थ नाही. तिला तुमचा चेहरा तेवढा भीतीचा वाटू लागेल, आणि मग ती तुमच्याकडे बघायचंच टाळेल. सगळं शिक्षण त्या बघण्यावर उभं आहे.

जुने खड्डे बुजवताना दोन इंच मातीखाली कोंबड्यांची जाळी आडवी पसरा, कापलेल्या तारा खाली दुमडून. कंपाउंडच्या पायथ्याशी दोन फूट रुंद जाळी एल आकारात वाकवून पुरा, किंवा शहाबादी फरशीचे तुकडे लावा.

प्रश्न : शेजाऱ्यांनी शॉकचा पट्टा सुचवला. कंप देणारा पट्टा चालेल का?
– तेच वाचक

उत्तर : शॉक नको. कंपाचा पट्टा चालतो, पण ‘थांब’ म्हणायला नाही, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायला. आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा, सगळ्यात हलकी पातळी निवडा. काही पट्ट्यांवर शॉकचं बटण शेजारीच असतं, ते बंद करता येत नसेल तर तो पट्टा घेऊच नका. पहिला आठवडा घरातच कंप आणि लगेच खाऊ, दिवसाला दहा-पंधरा वेळा, बाकी काही नाही. कंपाने ती कान पाडून दबली, तर हा मार्ग तिच्यासाठी नाही. रात्री पट्टा काढायचा, नाहीतर मानेवर जखम होते. संध्याकाळी अंगणातला दिवा दोनदा चालू-बंद करणं यापेक्षा स्वस्त पडतं. लेझरचा ठिपका मात्र कधीच वापरू नका, काही कुत्र्यांना प्रकाशामागे धावण्याचं वेड लागतं.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर बारा वर्षांचा. वर्षभरात ऐकू येईनासं झालं आणि आता रात्री उठून दाराशी उकरतो.
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : हे वरच्यासारखं प्रकरण नाही. म्हातारपणी अचानक सुरू झालेलं उकरणं, तेही रात्री, म्हणजे आधी डॉक्टर. कानात मळ किंवा संसर्ग, सांधेदुखी, दृष्टी, आणि म्हातारपणाचा गोंधळ या चारही गोष्टी तपासून घ्या. दाराशी उकरणारा बऱ्याचदा लघवीसाठी बाहेर जायचं म्हणतो, त्यामुळे रात्री ११ वाजता शेवटची फेरी ठेवा. छोटा दिवा लावून ठेवा, आणि उठवायचं झालं तर नाकापुढे हात धरा, आपल्या वासाने उठू द्या.