सगळ्या सिस्टीम्ससाठी माहिती आणि ज्ञानाचं एकच कॉमन मॉडेल करता येतं का?

तुमचा प्रश्न असा की बिलिंग, सपोर्ट, स्टॉक अशा वेगवेगळ्या सिस्टीम्सचा डेटा आणि त्यातले नियम, दोन्ही एकाच मॉडेलमध्ये बसवायचे तर सुरुवात कुठून करायची.

मी डेटा इंटिग्रेशनचंच काम करतो. माझं मत विचाराल तर करता येतं, पण कॉमन भाग जेवढा छोटा ठेवाल तेवढा टिकेल. बहुतेक टीम्स आधी सगळ्यांना मीटिंगला बसवून 'ग्राहक' म्हणजे कोण हे ठरवायला लागतात, आता बिलिंगवाल्यांचा ग्राहक म्हणजे पैसे भरतो तो आणि सपोर्टवाल्यांचा म्हणजे फोन करून भांडतो तो, आणि ही दोन वेगळी माणसं असू शकतात, दोघांचंही बरोबरच आहे की! सायकचं (Cyc) बघा. डग लेनाटने १९८४ साली कॉम्प्युटरमध्ये व्यवहारज्ञान हाताने भरायचा हा प्रोजेक्ट सुरू केला, पण सगळं ज्ञान एकमेकांशी जुळवणं काही जमेना, शेवटी त्याचे मायक्रोथिअरी नावाचे कप्पे पाडले, कप्प्याच्या आत विसंगती नको, दोन कप्प्यांत असली तर चालेल.

मग कॉमन काय ठेवायचं? प्रत्येक गोष्टीला पक्का आयडी आणि तिच्याबद्दलची विधानं, म्हणजे कोण, कुठला गुणधर्म, काय व्हॅल्यू. आरडीएफ (RDF), म्हणजे वेबवरचा डेटा अशा विधानांत लिहायची पद्धत, हेच, १९९९ पासून स्टँडर्ड आहे. पण नुसती तीन तुकड्यांची विधानं लवकरच कमी पडतात, कारण 'अमुक माणूस डायरेक्टर आहे' एवढं लिहिलं की कधीपासून कधीपर्यंत आणि हे सांगितलं कोणी, हे लिहायला जागाच उरत नाही. विकिडेटात, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या खुल्या डेटाबेसमध्ये (२०१२), प्रत्येक विधानालाच कालावधी आणि संदर्भ जोडता येतो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा शेजारीशेजारी राहू शकतात. तुम्ही पण तसंच करा, पहिल्या दिवसापासून, नंतर घुसवायला फार त्रास होतो.

नियमांचं मात्र सांभाळून. डेटाबेसची सवय असलेले लोक आऊलमध्ये (OWL, आरडीएफवर नियम लिहायची भाषा) 'प्रत्येक ऑर्डरला ग्राहक असतोच' असं लिहितात आणि वाटतं की आता चुकीचा डेटा अडेल. अडत नाही! रीझनर, म्हणजे त्या नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, उलट समजतो की ग्राहक असणारच, आपल्याला माहीत नाही एवढंच, आणि गप्प पुढे जातो. डेटा तपासायचा असेल तर शॅकल (SHACL) वापरा, ते २०१७ मध्ये त्यासाठीच आलं. आणि दोन सिस्टीममधले रेकॉर्ड आऊलमधल्या 'सेमअ‍ॅज'ने सरसकट जोडू नका हो, त्याचा अर्थ शंभर टक्के तोच असा होतो, एकाची सगळी माहिती दुसऱ्याला चिकटते. 'बहुतेक तोच' असं वेगळं विधान ठेवा, कोणी जुळवलं त्यासकट.

मॉडेलमध्ये काय घ्यायचं हे ठरवायला दोन सिस्टीम्सशिवाय उत्तर मिळत नाही असे प्रश्न लिहून काढा, उदाहरणार्थ बिल थकलेल्यांच्या किती तक्रारी अजून उघड्या आहेत, आणि त्या प्रश्नांना लागतं तेवढंच घ्या. टूलचं म्हणाल तर सुरुवातीला पोस्टग्रेस या साध्या टेबलांच्या डेटाबेसमधली चार-पाच टेबलं पुरतात, ट्रिपल स्टोअरचा, म्हणजे तीन तुकड्यांची विधानं साठवायच्या खास डेटाबेसचा, विचार लांबलचक नाती शोधायची वेळ आली की करा.