वाचकांचे प्रश्न : मूल माणसांत येतं कसं?

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पाहुणे आले की माझ्यामागे लपतो, 'नमस्कार कर' म्हटलं की रडू लागतो. आजोबांना 'ए आजोबा, तू ये' म्हणतो. खेळण्यांना कुणाला हात लावू देत नाही. घरातले म्हणतात, पोराला वळण नाही. काय करावं? (एक आई, सांगली)

उत्तर : या वयाला हे तिन्ही वागणं धरूनच आहे, तेव्हा घरच्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मात्र तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

आधी 'तू ये'चं बघू. दिवसभर त्याच्याशी बोलताना आपण काय म्हणतो? ये, बस, जेव, घे. 'या, बसा, जेवा, घ्या' हे त्याला कुणी म्हणत नाही. मोठी माणसं एकमेकांशी बोलताना तेवढं कानावर पडतं. आपल्याशी जसं बोललं जातं, तसंच मूल बोलतं. त्यात 'असं बोलतात का आजोबांशी?' असं दटावलं, की त्याला रागावणं तेवढं कळतं. बरोबर वाक्य कोणतं, ते हाती लागतच नाही. म्हणून वाक्य तयार करून द्या. जेवणाच्या वेळी त्याला पाठवताना म्हणा, 'जा, आजोबांना सांग : आजोबा, जेवायला चला.' तीन-चार शब्दच, आणि ज्या सुरात त्याने म्हणावं असं वाटतं त्याच सुरात. तो 'तू ये' म्हणाला, तर शांतपणे 'आजोबा, या' एवढं म्हणा आणि पुढे चला. पुन्हा म्हणून घेण्याचा हट्ट नको. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत आया हेच करतात : वाक्य स्वतः म्हणतात आणि शेवटी 'असं म्हण' जोडतात. बांबी शिफलिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तिथे राहून हे बारकाईने टिपलं. आपल्याकडच्या आज्या 'मामाला म्हण, पुन्हा या हं' म्हणतात, ती हीच रीत, आणि ती फार चांगली आहे.

एक मात्र तपासा. तुम्ही सासऱ्यांना 'तुम्ही' आणि त्याचे बाबा 'तू' म्हणत असतील, तर मुलाने बाबांचं उचललं यात त्याची चूक नाही. घराने एकदा ठरवून टाकावं. आईला आणि आजीला एकेरी हाक बहुतेक घरांत प्रेमाचीच असते. ती मोडू नका.

नमस्काराचं बिघडतं ते चारचौघांत केलेल्या आग्रहाने. सगळे बघताहेत, 'कर ना, कर ना' चाललंय आणि वर कुणीतरी 'लाजाळू आहे हो' म्हणतं. दोन-तीनदा असं झालं की पाहुणा आला म्हणजे परीक्षा आली, असं मूल धरून चालतं. त्याऐवजी पाहुणे यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सांगा : कोण येणार, आपले कोण लागतात, त्यांना हाक काय मारायची. मग त्याच्या हाती काम द्या. खडीसाखरेची वाटी पुढे करणं साडेतीन वर्षांच्या मुलाला जमतं. पाण्याचा भरलेला पेला सांडतो, तो नको. नमस्कार तुम्ही स्वतः करा, तो शेजारी उभा असू दे. हातात काम असलं की सगळ्यांची नजर त्याच्यावर न राहता वाटीवर राहते. पाहुणे गेल्यावर प्रवचन नको.

खेळण्यांसाठी 'शेअर कर' पुरत नाही. दोन-तीन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात. मिळून खेळणं त्यानंतर हळूहळू जमतं. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालवाडीतल्या निरीक्षणांतही हाच क्रम दिसतो. त्याची दोन-तीन लाडकी खेळणी आधीच त्याच्या हाताने कपाटात ठेवा. बाहेर असं ठेवा जे पुष्कळ आहे : ठोकळे, बोळकी, कणकेचे दोन गोळे. झोपाळा असेल तर पाळी मोजून : दहा झोके तुझे, दहा तिचे, आणि आकडे मोठ्याने त्यालाच म्हणू द्या. 'थोड्या वेळाने दे' यातला थोडा वेळ या वयात कळत नाही, दहा कळतात.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, मुलगा अकराचा. मुलगी न सांगता कामाला येते, मुलगा ढिम्म हलत नाही. हा स्वभाव म्हणायचा का? (एक पालक, जळगाव)

उत्तर : नाही. ताटं कोण घेतं, गरम पोळी आधी कुणाच्या पानात पडते, सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, हे दोघंही रोज बघताहेत. तेच दोघं गिरवतात.

मुलाला 'आईला मदत कर' म्हणू नका, त्याने काम आईचंच राहतं. एक अख्खं काम त्याच्या नावावर करा. उदाहरणार्थ भात : डब्यात तांदूळ आहे का बघणं, एका वाटीला दोन वाट्या पाणी, कुकर लावणं, आणि जेवणानंतर ते भांडं घासणं. गॅस पेटवताना आणि कुकर उघडताना मोठ्या माणसाने जवळ थांबायचं, बाकी तोंड बंद. पहिले काही दिवस भात गिच्च किंवा कडक होईल, तो खायचा. घडी विस्कटते ती इथेच : त्याने घासलेलं भांडं त्याच्यादेखत पुन्हा घासलं जातं, किंवा उरलेलं काम बहिणीकडे जातं. तसंच त्याने केलं की कौतुक आणि तिने केलं की गृहीत, हे लगेच थांबवा.

मुलीला उलट बाहेरची कामं द्या : दळण टाकणं, वाण्याकडून सामान आणून सुटे पैसे मोजून परत देणं. दर सोमवारी घरातली कामं अदलाबदल करा.

प्रश्न : मुलगा जेवत नसला की मी त्याला 'पोलीसकाका पकडतील' म्हणतो. चालेल का? (एक बाबा, ठाणे)

उत्तर : चालणार नाही. जत्रेत किंवा स्टेशनवर चुकलेलं मूल ज्याच्याकडे जायला हवं, त्याच्यापासूनच ते पळेल. भीती आजच बंद करा आणि त्याऐवजी तीन गोष्टी पाठ करून घ्या : स्वतःचं पूर्ण नाव, आई किंवा बाबांचा फोन नंबर, आणि चुकलो तर जागेवर थांबून गणवेशातल्या माणसाला किंवा लेकरू सोबत असलेल्या बाईला सांगायचं. नंबर तीन-तीन-चार असा तोडून तालावर म्हणवून घेतला की चार-पाच वर्षांच्या मुलालाही येतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. ती मोठ्यांनीही फोनमध्ये ठेवावी.