डुलणारा ट्रेलर आणि उचललेली पिकअप

प्रश्न : मी चार दारांची जुनी डिझेल पिकअप घेतली आहे. आधीच्या मालकाने ती मागे पाट्यांखाली (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांखाली) ठोकळे घालून आणि पुढे स्पेसर बसवून 2 इंच उचलली आहे. मूळच्या 265/65 आर 17 ऐवजी तिला 265/70 आर 17 मापाचे टायर आहेत. गौताळा किंवा नाथसागराकडे मुक्कामाला जाताना मी मागे सामान, तंबू व पाणी भरलेला सुमारे 600 किलोंचा ट्रेलर जोडतो. ताशी 60 किलोमीटरच्या पुढे तो डुलू लागतो, आणि चढावर गाडी निघताना खालून थरथर येते. मेकॅनिक जाड शॉकअप सुचवतात. काय करावे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : शॉकअपचा खर्च तूर्त थांबवावा. डुलण्याचे मूळ बहुधा ट्रेलरमधील वजनाच्या मांडणीत आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर यावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे आपल्या बाबतीत 60 ते 90 किलो. गाडीपासून ट्रेलर सोडवून, तो सपाट जागेवर जोडणीच्याच उंचीला ठेवून, दांड्याच्या टोकाखाली घरातला वजनकाटा ठेवला तरी हा आकडा कळतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. हे कॅन ट्रेलरच्या शेपटाकडे असतील तर हुकवरचा भार हलका होतो आणि ट्रेलर शेपूट हलवू लागतो. पाणी ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे, तळाशी बांधावे.

दुसरे कारण उंचीचे आहे. गाडी उचलल्याने हुकही वर गेला आणि ट्रेलरचे नाक आकाशाकडे वळले. हुकची जोडणी खाली आणणारा दांडा बसवून ट्रेलर जमिनीला समांतर करावा. तरीही डोलणे सुरू झालेच, तर जोरात ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंगने झटापट करू नये; ॲक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू उतरू द्यावा. मांजरसुंबा घाट बीडकडे उतरताना खालचा गिअर आधीच टाकावा, कारण मागचे सहाशे किलो रोखण्याचे काम केवळ गाडीच्या ब्रेकवर सोडणे योग्य नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर उत्तमच.

थरथरीचे निदान करताना आधी रिमच्या आतील बाजू धुऊन पाहाव्यात. आपल्याकडची काळी माती तिथे थापली जाऊन वाळली की चाकाचा तोल जातो, आणि लोक मात्र शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, उतरवून बसतात. परंतु अशी थरथर वेगाबरोबर वाढते. आपली थरथर चढावर, ओझ्याने, गाडी निघतानाच येते, त्यामुळे शाफ्टच्या कोनावर संशय अधिक आहे. ठोकळे घातल्याने हौसिंगची (मागच्या दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या कवचाची) उंची गाडीच्या सांगाड्याच्या तुलनेत बदलते, शाफ्टचे क्रॉस (टोकाचे वळणारे सांधे) वाकड्या कोनात फिरतात आणि लवकर झिजतात. क्रॉस हलतो का, शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास मधले बेअरिंग सैल आहे का, हे तपासून पाचर घालून कोन जुळवावा. ठोकळ्यावर ठोकळा चढवलेला आढळल्यास तो त्याच दिवशी काढावा. ओझे नेहमीचेच असेल तर ठोकळ्यांपेक्षा त्या वजनासाठी बनवलेला पाट्यांचा संच अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे.

पाट्या हौसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट बसवल्यानंतर पहिल्या 500 किलोमीटरच्या आत ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) पुन्हा आवळावेत. पुढचे बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि ब्रेकचे लवचीक पाइप पूर्ण स्टिअरिंग वळवून, ताणलेल्या अवस्थेत पाहावेत. अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा सामान भरलेल्या स्थितीत तपासावी. मागचा भाग दबला की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कागदपत्रांची बाजूही सांगतो, कारण ती बहुतेक जण शेवटी आठवतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच कायद्यातील व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची नोंदणी लागते. आपण आरसी घेऊन आरटीओ कार्यालयात विचारणा करावी आणि फेरफार विमा कंपनीला लेखी कळवावेत. अन्यथा अपघातानंतर दावा अडू शकतो.

प्रश्न : पावसाळ्यात शेतातून जाण्यासाठी गाडी आणखी उचलली तर फायदा होईल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : फारसा नाही. स्प्रिंग किंवा ठोकळ्यांनी उचलली जाते ती गाडीची बॉडी. मागचे हौसिंग जमिनीपासून होते तितक्याच उंचीवर राहते. ते वर येते फक्त मोठ्या टायरमुळे. वरच्या प्रश्नातील टायर मूळच्यापेक्षा व्यासाने सुमारे 26 मिलिमीटर मोठा आहे, म्हणजे हौसिंग जेमतेम 13 मिलिमीटर वर आले. त्या बदल्यात वेगाचा काटा पूर्वीपेक्षा सुमारे साडेतीन टक्के कमी वेग दाखवतो आणि चढावर इंजिनाला अधिक झगडावे लागते. ओल्या काळ्या रानात टायरच्या खाचा मातीने भरून चाक गुळगुळीत होते, तिथे उंची कामी येत नाही. वाफसा येईपर्यंत थांबणे हाच उपाय आहे. धरणाच्या कोरड्या, भुसभुशीत पात्रात हवा कमी केल्याने मदत होते. मात्र डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, कारण कमी हवेवर उन्हात गाडी पळवल्यास टायरच्या कडा तापून फुटतात. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवावा.