साइट लॅपटॉपवर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणते, त्याच वायफायवर फोनमध्ये मात्र उघडते. असं का?

फोन त्याच वायफायवर चालतोय, म्हणजे घरचा आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता) साइटनं ब्लॉक केलेला नसावा. राउटर बंद-चालू करत बसू नका. मॅक ॲड्रेस (लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलायचा सल्लाही सोडून द्या. हा ॲड्रेस राउटरच्या पलीकडे, साइटपर्यंत जातच नाही.

आधी इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा. चाललं तर दोष कुकीजचा (साइटनं ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडलेलं छोटं ॲप). कुकीज फक्त त्या साइटच्या पुसा, नाहीतर बाकीची लॉगिनंही जातील.

तरीही अडलं तर लॅपटॉपवर व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (तुमचा आयपी लपवून दुसराच दाखवणारी सेवा) चालू राहिलाय का पाहा. माझा पहिला संशय यावरच. फुकटच्या व्हीपीएनचा एकच आयपी असंख्य लोक वापरतात, त्यामुळे एकानं गैरवापर केला तरी साइट तो आयपीच अडवू शकते. उद्योग कुणाचे, शिक्षा तुम्हाला! मेसेज सर्टिफिकेटचा (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) असेल तर हा ब्लॉक नव्हेच, लॅपटॉपची तारीख-वेळ तपासा.