खेळ थांबवणारे घर

मूळचे डिचोलीचे आणि आता इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले एक वाचक लिहितात, की यंदा चवथीला गावी आल्यावर त्यांनी माळ्यावरचा लहानपणीचा व्हिडिओ गेम खाली काढला आणि बारा वर्षांच्या मुलाला हौसेने शेजारी बसवले. पण दहा मिनिटांत मुलगा कंटाळून उठून गेला. इंग्लंडला परतल्यावर तोच मुलगा फोर्टनाइट हा ऑनलाइन लढाईचा खेळ सुरू असताना जेवायलाही उठत नाही. आपले खेळ साधे आणि निर्मळ होते, आताच्या खेळांनी मुले बिघडली, असे या वाचकांचे मत असून मुलाला जुन्या खेळांची गोडी कशी लावावी, असे त्यांनी विचारले आहे.

पत्रातील एका तपशिलाचा उलगडा आधी करायला हवा. बदके टिपण्याची बंदूक घरच्या नव्या टीव्हीवर चाललीच नाही आणि मुलाने ‘हे बिघडलेले आहे’ म्हणून ती खाली ठेवली, असे तुम्ही लिहिता. मुलाचे म्हणणे बरोबरच होते. त्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. तिच्या नळीत प्रकाश टिपणारा लहानसा भाग असे, आणि घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, तो नळीला दिसला तर नेम लागला असे खेळ धरून चाले. हा हिशेब जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला होता. आजचे सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात, त्यामुळे नेम कधीच लागत नाही. तुमच्या आठवणीतला खेळ त्या दिवशी मुलाच्या वाट्याला आलाच नव्हता. (त्या जुन्या खेळाच्या कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तिच्यातले धातूचे पत्रे आधीच काळवंडतात आणि तोंडाच्या वाफेने ते आणखी खराब होतात.)

आता निर्मळपणाविषयी. 1988 साली घरगुती यंत्रावर आलेला ‘काँट्रा’ आठवा. त्यात दोन बंदूकधारी वाटेत येईल त्याला गोळ्या घालत पुढे सरकतात; त्याला सात्त्विक म्हणणे कठीण आहे. तरीही त्यातील धबधब्याचा टप्पा अनेकांच्या मनात घर करून आहे, कारण तेथे एकजण घाईने वर चढला, की पडदा वर सरके आणि मागे राहिलेला दुसरा जिवाला मुके. म्हणून शेजारी बसलेल्या भावासाठी थांबावे लागे, त्याला ‘आता उडी मार’ म्हणून सांगावे लागे. तुम्हाला ओढ लागली आहे ती त्या भावाच्या सोबतीची, असे तुमचे पत्र वाचताना सतत जाणवते.

जुन्या आणि नव्या खेळांतला खरा फरक थांबण्यात आहे, आणि या बाबतीत तुमची काळजी मला पूर्णपणे पटते. काँट्राचे आठ टप्पे सराव झालेला मुलगा अर्ध्या-पाऊण तासात संपवी, मग खेळच संपे. त्याआधीही घर तो थांबवत असे: टीव्ही एकच, तोही आजोबांच्या बातम्यांसाठी राखलेला, तिन्हीसांजेला आजी तो बंद करायला लावी, आणि पावसाळ्यात वीज गेली की प्रश्नच मिटे. आपल्याला संयम शिकवला तो या घराने. खेळाकडे त्याचे श्रेय जात नाही. 2017 साली आलेल्या फोर्टनाइटला शेवट नाही. त्यात रोज नवी कामे आणि नवी दुकानदारी असते, आणि मुलाच्या खोलीत त्याचा स्वतंत्र पडदा असतो. पूर्वी घर जे आपोआप करी, ते आता आईवडिलांना जाणीवपूर्वक करावे लागते.

म्हणून यंत्र बैठकीच्या खोलीत आणा. फोर्टनाइटचा सामना मध्येच थांबवता येत नाही आणि अर्धवट सोडला तर सोबत्यांचे नुकसान होते, हे ध्यानात घेऊन ‘आत्ताच्या आत्ता उठ’ म्हणण्याऐवजी पाने घेण्यापूर्वी अर्धा तास सांगा, की हा सामना शेवटचा. पैसे खर्च करणे आणि अनोळखी लोकांशी बोलणे यांवर खेळाच्या पालक-नियंत्रणातून स्वतःचा पिन घाला. व्यसनाच्या भीतीने मात्र घाबरून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून खेळाच्या विकाराचा समावेश आहे, परंतु खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळत राहणे ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तरच तो विकार ठरतो. जेवायला उशिरा येणे म्हणजे तो विकार नव्हे.

आणि स्वतः शेजारी बसा. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स या खेळयंत्रांवर फोर्टनाइटचा पडदा दोघांत विभागून खेळता येतो. तुम्ही सारखे हराल आणि मुलगा तुम्हाला शिकवील, ते त्याला करू द्या. डिचोलीतल्या त्याच्या आतेभावाबरोबर त्याला मारधाडीचा खेळ लावून देऊ नका, कारण एवढ्या अंतरावर आज्ञा पोहोचायला होणारा क्षणाचा विलंबही तेथे भोवतो. माइनक्राफ्टसारख्या बांधकामाच्या खेळात तो फारसा जाणवत नाही. फक्त दोघांकडे त्याची एकच आवृत्ती असावी, जावा किंवा बेडरॉक. उन्हाळ्यात तुमच्याकडे शनिवारी दुपारी दोन वाजतात, तेव्हा गोव्यात साडेसहा झालेले असतात. हिवाळ्यात घड्याळ बदलले की साडेसात. ती वेळ दोन्ही घरांनी राखून ठेवावी, आणि मुलांनी आपापसात मराठीत बोलावे एवढीच अट घालावी.