वीस गुंठ्यांची नर्सरी: पहिला माल कुणासाठी भरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या वाघोलीजवळ वीस गुंठे जागा आहे, चार लाख रुपये आहेत आणि आंध्रातल्या कडियम या नर्सऱ्यांच्या गावाहून रोपांचा पूर्ण ट्रक मागवायचा विचार आहे, तर त्यात काय काय भरावं?

माझं मत, ट्रक आत्ता मागवू नका. कडियमचा माल भरदार असतो आणि दरही परवडतो. अडचण अशी की घाऊक बाजारात हात आपोआप फुललेल्या रोपाकडे जातो. ते रोप तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी तीन महिन्यांनी कसं दिसेल, हे तिथे कुणी विचारत नाही. रोप मेलं की माणूस स्वतःच्या बाल्कनीला दोष देत नाही, नर्सरीला देतो, आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक ओळखा, यादी मग.

तुमच्या पट्ट्यात फुटकळ विक्री मुख्यतः फ्लॅटवाल्यांना होणार. त्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो बाल्कनीच्या दिशेचा. उत्तरेच्या बाल्कनीत एप्रिल ते ऑगस्ट सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं, दिवाळीनंतर थेट ऊन मुळीच नाही. एप्रिलात तिथे ठेवलेला मोगरा फुलतो, पुढे मात्र नुसत्या लांबुडक्या फांद्या काढत राहतो. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवंच. उत्तरेला स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, सिंगोनियम, एग्लोनेमा द्या. पूर्वेला तुळस, जास्वंद, मोगरा. पश्चिमेला एप्रिल-मेचं दुपारचं ऊन आणि तापलेली भिंत, तिथे बोगनवेल, अडेनियम, चिनी गुलाब टिकतात. दक्षिणेला हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, म्हणून शेवंती, पिटुनिया, झेंडू यांना ती जागा उत्तम. दहाव्या मजल्याच्या वर अरेका पाम बाहेर ठेवायला देऊ नका, वाऱ्याने पानं फाटून टोकं करपतात. घरात लहान मूल असेल तर डाइफेनबाखिया आणि पिवळी कण्हेर दोन्ही टाळा. पहिलीचा चीक तोंडात गेला तर जीभ सुजते, आणि दुसरी सरळ विषारी आहे.

या गिऱ्हाइकासाठीचा बराच माल विकत आणायची गरजच नाही. मनी प्लांट, सिंगोनियम, कोलियस, जास्वंद पावसाळ्यात छाटकलमाने होतात. तुळस बी टाकून सहा ते आठ आठवड्यांत विकण्याजोगी होते, मंजिऱ्या खुडत राहिलं तर झुडूपही भरतं. पैसे जे स्वतः करता येत नाही त्यात घाला: कलमी गुलाब, सोनचाफ्याची कलमं, अडेनियम. सोनचाफा बियांच्या रोपाचा घेऊ नका, फूल दिसायला वर्षानुवर्षं जातात, कलम मात्र वर्ष-दोन वर्षांत फुलतं. गुलाब घेताना डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटवा आलाय का ते बघा. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या खालच्या रोपाचा असतो. वाढू दिला तर वरचा गुलाब मरतो आणि गिऱ्हाइकाकडे रानटी झुडूप उरतं.

सणांचा माल वेगळा धरा, कारण त्याची मुदत ठरलेली असते. बेल श्रावणाआधी, शमी-दूर्वा गणपतीआधी, आपटा दसऱ्याआधी तयार हवा. आपट्याच्या नावाखाली कांचन सर्रास विकला जातो, दोघांचंही पान जोडपान असल्यामुळे. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त असतं. अशोकाचंही तेच: उंच सरळसोट वाढणारा हिरवा अशोक वेगळा आणि सीता अशोक वेगळा. पाटीवर नीट लिहा, पूजेसाठी नेणाऱ्याला फसवल्यासारखं होऊ नये.

शेवंती आणि पॉइन्सेटिया यांना कळ्या येण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. राखणीसाठी लावलेला हॅलोजन त्यांच्या वाफ्यावर रात्रभर पडत असेल तर ऐन मोसमात नुसती पानं मिळतात. हे वाफे दिव्यापासून दूर ठेवा.

सोसायट्या आणि लँडस्केपवाले वेगळंच मागतात: एका उंचीची, एका भराची शंभर-दोनशे रोपं. इक्झोरा, कामिनी, अकॅलिफा, ड्युरांटाचे पाच-पाच नमुने ठेवा, आगाऊ रक्कम घ्या आणि उरुळी कांचनच्या बाजूने घाऊक उचला. हा माल पडून राहिला की मुळं पिशवीत गोल फिरतात, बूड फाडून जमिनीत जातात, आणि उचलताना तुटली की रोप मान टाकतं. कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडाची मागणी येईल. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, तुम्हीही ठेवू नका. वृक्षारोपणासाठी बहावा, ताम्हण, बकुळ, करंज मोठ्या पिशवीत थोडे ठेवावेत, मागणी मुख्यतः जून-जुलैत असते.

शेतकरी गिऱ्हाइकाच्या बाबतीत घाई नको. फळझाडांची कलमं विकायला 1969 च्या राज्य कायद्याप्रमाणे कृषी खात्याचा परवाना लागतो. तो मिळेपर्यंत आंबा, पेरू, डाळिंब ठेवू नका. पुढे ठेवलात तर तुमच्या भागात केसर आंबा आणि सरदार पेरू हे आधी घ्या. कोकणातल्या पावसावर वाढणारी काजू-कोकमाची कलमं इकडे आणून शेतकऱ्याचं वर्ष वाया घालवू नका. सांधा पूर्ण जुळलेला, पट्टी सोडवलेली, खुंटाला फूट नसलेली कलमंच घ्या. शेतकऱ्याचं नुकसान एका कुंडीचं नसतं, चार-पाच वर्षांनी फळ लागल्यावर कळतं.

आता कडियमबद्दल. पहिल्यांदा दोघा-तिघांत मिळून गाडी करा, तुमच्या वाट्याला भांडवलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. माल उतरल्यावर दोन आठवडे जुन्या रोपांपासून लांब ठेवा. पिठ्या ढेकूण (मिलीबग) ही कीड पानाच्या बेचक्यात लपून येते आणि जास्वंदीवरून सगळीकडे पसरते. तिथल्या रोपांचा गोळा चिकणमातीचा असतो. तो तसाच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंडीत बसवला तर पाणी कडेने निघून जातं, गोळा आत कोरडा राहतो, आणि वर ओलावा दिसत असताना रोप वाळतं. गोळा दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा, बाहेरची माती बोटांनी सैल करा, मुळं तोडू नका, मग माती, शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट सारख्या प्रमाणात घेऊन भरा. त्यानंतर तीन आठवडे पन्नास टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली. नवी पालवी दिसेपर्यंत त्यावर किमतीची चिठ्ठी लावू नका.